सात नंबर

बारा ब्रश, साडेतीनशे शिलिंग.
रिव्हर रोडला, जिन्याखालच्या दुकानात
पाचशेपासून घासाघीस करत आणले.
फॉस्टिना नखांवर फुंकर घालत म्हणाली,
आणखी काय घासायचं ते घरी घास, केरुबो.
माल परत घेणार नाही.

घरी आधी नाकाने तपासले.
पाकीट फोडताच सरसाचा वास,
नव्या चपलेसारखा.
मग पाण्याने. बादलीत बुडवले तर
पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं,
आणि तिघांचे केस माझ्या बोटांना चिकटून वर आले.

मग चेहरा हवा होता.
माझा चालत नाही.
त्याला माझ्या हाताची सवय आहे,
वाईट ब्रशलाही तो सांभाळून घेतो.

भिंतीपलीकडे ओन्सोंगो राहतो.
रात्रभर लाविंग्टनच्या एका फाटकावर पहारा,
दिवसभर झोप.
म्हटलं, तुम्ही खुशाल झोपा, मला फक्त तोंड द्या.
तो म्हणाला, शाळेत मास्तरांनी रंगवलं होतं,
त्यानंतर कुणी विचारलं नाही.

टोमॅटोच्या पालथ्या खोक्यावर बसला,
गणवेशाचं वरचं बटण लावून,
पासपोर्टच्या फोटोला बसावं तसा.

एक नंबर, पावडरचा. ‘शेळी चाटतेय गं.’
दोन नंबर गळतो. तीन केस भुवईत, एक ओठावर,
एक कॉलरच्या आत, जिथून तो काढता येईना.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असेल.
तीन बरा. भुवईपुरता.
चार आणि पाच जुळे,
कारखान्यातही त्यांना कुणी वेगळं ओळखत नसेल.
सहाची मुंडी पहिल्याच फटक्यात निघाली,
त्याच्या मांडीवर पडली,
आणि आम्ही दोघं तिच्याकडे पाहत राहिलो.
मध्येच तो पंख्यासारखा पसरट, ज्यावर नंबरच नाही:
तो त्याने मागून घेतला.
रेडिओच्या जाळीत धूळ बसते म्हणाला.

सात नंबर बुटका.
दांड्यावरचा सोनेरी मुलामा माझ्या अंगठ्याला लागलेला,
कंपनीच्या नावात एक अक्षर कमी.
गालाच्या हाडावरून कानाकडे नेला
तर तांबूस रंग त्याच्या काळ्याभोर गालात
असा मुरला की कडा शोधून सापडेना.
पुन्हा धुतला, पुन्हा लावला. तीनदा.
केसालाही धक्का नाही.
वहीत लिहिलं: सात, ठेवणे.

वर पाहिलं तर ओन्सोंगो झोपलेला.
मान कलंडली ती माझ्या तळहातावर,
जड, गरम, कलिंगडासारखी.
काम तर झालं होतं.
तरी मी कोरडा ब्रश, रंग न घेता,
त्याच्या कपाळावरून फिरवत राहिले,
जिथे टोपीच्या कडेने चर पाडलाय
त्या चरातून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
किती वेळ, ते वहीत नाही.

पाचला धडपडून उठला, नळावर तोंड धुतलं.
डाव्या पापणीवर तांब्याची चमक राहून गेली.
मला दिसली.
सांगितलं नाही.

सकाळी परत आला तो दारातच उभा राहिला.
‘रात्री बाईसाहेबांनी गाडीची काच खाली केली.
नाव विचारलं.’
नऊ वर्षं झाली होती त्या फाटकाला.
मग?
‘मग काय. सांगितलं.
त्यांना नीट ऐकू आलं नाही.
पुन्हा सांगितलं.’

शनिवारी डागोरेट्टीला नवरी आहे, तिच्या दोन मावश्या,
आणि एक करवली जिला घाम फार येतो.
मी सहाची मुंडी दोऱ्याने आवळतेय,
वरून सरस, वरून फुंकर.
बाकीचे दोरीवर उलटे टांगलेत,
खालच्या फरशीवर काळे थेंब.

‘आज कुठला नंबर?’ भिंतीपलीकडून.
आठ, मी म्हणते. टोचला तर सांगा.

उत्तर येत नाही.
रेडिओ लागतो, कालच्यापेक्षा स्वच्छ,
आणि त्याच्यावरून हळूहळू घोरणं.